शुभाच्या बाल्कनीतलं कमळ

भांडुपच्या त्या बिल्डिंगीत सुगंधाच्या डोळ्यांत एकच बाई खुपायची, समोरच्या दारातली शुभा. तिने बाल्कनीतल्या टबात कमळ फुलवलं होतं. बरं, कमळही एक वेळ सोसलं असतं. पण सुगंधाची एकुलती एक श्रुतिका शाळेतून आली की दप्तर टाकून थेट तिकडे! "शुभामावशीची भजी कसली झकास असतात गं!" हे ऐकलं की सुगंधाच्या अंगाची लाही लाही व्हायची. जन्म दिला मी, आणि लाड करणार ही भवानी?

मग श्रुतिकाला ताप भरला. रिपोर्ट आला, डेंग्यू. प्लेटलेट उतरत चालल्या तशी सुगंधाची पाचावर धारण बसली आणि सगळा राग कमळावर निघाला. "त्या टबातच पैदास आहे मेल्या डासांची!" तिने पालिकेत तक्रार ठोकली.

पालिकेचे अंबादास बॅटरी घेऊन आले. टबात गप्पी मासे, अळी औषधालाही नाही. पेशंटचं घरही बघायचं असतं म्हणून ते सुगंधाकडे वळले. मागोमाग शुभाही आली, श्रुतिकासाठी पेज घेऊन. अंबादासांनी श्रुतिकाच्या खाटेखालून एक काचेचा ग्लास काढला. पाण्यात लिंबू, आणि लिंबाभोवती वळवळणाऱ्या अळ्या.

"अहो, दर शनिवारी लिंबू बदलते मी! प्यायचं चांगलं पाणी ओतते वरून!" सुगंधा म्हणाली.

"तिथंच वाट लागली, बाई. हा डास आता आपल्यासारखाच फ्लॅटवाला झालाय. गटार नको त्याला, ग्लासभर स्वच्छ पाणी पुरतं. मादी पाण्याच्या वर काचेला अंडी चिकटवते. ती सुकली तरी मरत नाहीत. तुम्ही पाणी ओतलंत की फुटली. ग्लास घासायला हवा होता."

दृष्ट लागू नये म्हणून घरात लिंबू ठेवतात, हे शुभाला कोणी सांगायला नको होतं. तीही सुगंधासारखी मालवणचीच. तिने पेज टेबलावर ठेवली.

श्रुतिकाने उशीवरून मान वळवली. "आई, कोणाची नजर लागत होती गं मला?"

सुगंधा पेजेचं झाकण काढायला वळली.

"माझी, बाळा," शुभा म्हणाली आणि निघून गेली.

सुगंधाने पेजेचा चमचा पुढे केला. पोरीने तोंड फिरवलं. "मावशीला बोलव आधी."

दोन दिवस पोटात काही नव्हतं पोरीच्या. सुगंधा मुकाट्याने उठली. समोरची बेल दाबताना माफीचे शब्द जुळवत होती खरी, पण मेलं मन तेव्हाही जळतच होतं: आजारातही हिला तीच हवी!