दिवस सांगणारा हिरो

मांजरसुंब्याच्या फाट्यावर जुन्या कॉमिक्स भाड्याने देणं हा माझा पहिला धंदा. रद्दीवाल्याकडून मी किलोवर माल उचलायचो. त्यात नावाजलेले हिरो दोन-चारच निघायचे, तेही मुखपृष्ठ फाटलेले. बाकी सगळी भरती. त्या हिरोंचं नाव कुणी ऐकलेलं नसायचं. एक जण अंगावर पाणी पडलं की ताडाएवढा व्हायचा. दुसऱ्याच्या तळहातात चुंबक होतं, म्हणून खलनायक दर वेळी लाकडी दांडकं घेऊनच यायचा. तिसऱ्याच्या शिंकेनं भिंत पडायची, पण शिंक यायला तपकीर लागायची आणि तपकिरीची डबी नेमकी घरी राहिलेली असायची.

असला माल कोण नेणार? मग मी एक युक्ती काढली. दुपारी ट्रकवाले ढाब्यावर जेवून बाजेवर आडवे झाले की मी त्यातलीच एक कॉमिक मोठ्यानं वाचायला घ्यायचो. प्रत्येक चित्राला एक टोमणा. "हा पाण्यानं वाढणारा आपल्या बीडात आला तर मरेस्तोवर साडेपाच फुटाचाच ऱ्हाईल बे." लोक हसायला लागले की पुस्तक मिटायचो. पुढचं वाचायला कुणीतरी हात पुढे करायचाच. माझे हे भंगार हिरो नावाजलेल्यांपेक्षा जास्त फिरले. समोरच्याचा माल हसण्यावारी नेला की त्याचा भाव आपोआप उतरतो, हेही मला तिथंच उमगलं. पुढे बैलापासून जमिनीपर्यंत सगळे सौदे मी तसेच केले.

या वाचनाला कधीच न हसणारा एक जण होता. आमच्याच गावचा, शाळेत माझ्या बाकावर बसलेला. गावच्या दूध संस्थेत तो दूध तपासायला होता. काम आटपून फाट्यावर यायचा, पडेल हिरोंचीच पुस्तकं मागायचा आणि तिथंच उभा राहून वाचायचा.

"ह्यात काय ठेवलंय तुला?" मी एकदा विचारलं.

"एकच गोष्ट येती त्याला," तो म्हणाला. "पर येती ना."

दुष्काळाचं वर्ष होतं. प्यायला टँकर, जनावरांना तेलगावकडून येणारं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, दुसरं काही नाही. त्या उन्हाळ्यात एके दिवशी त्यानं माझ्यासमोर एक जाडजूड वही ठेवली. त्यानं स्वतः कॉमिक काढली होती, साध्या बॉलपेननं, चौकटी पट्टीनं आखून. पुण्याच्या एका प्रकाशकाला त्यानं पत्र टाकलं होतं आणि पूर्ण गोष्ट पाठवा असं उत्तरही आलं होतं.

"तू लई कॉमिक वाचल्यात," तो म्हणाला. "खरं सांग. तू बरी म्हणलास तर पाठवतो. न्हाईतर न्हाई."

त्याचा हिरो धोतरातला होता. विहिरीच्या काठाला कान लावला की आत किती दिवसांचं पाणी उरलंय ते त्याला कळायचं. बस, एवढंच. पाणी आणता यायचं नाही, वाढवता यायचं नाही. तो गावोगाव जाऊन "एकवीस दिवस", "नऊ दिवस" असं सांगायचा आणि लोक त्याला दगड मारून हाकलायचे. पण तो शिवेबाहेर गेला की तेच लोक गुपचूप जनावरं पाहुण्यांकडे पोचवायचे, घागरी भरून ठेवायचे. तो मात्र मागं वळून बघायचा नाही, त्यामुळे त्याला ते कधी कळायचं नाही.

मी वही दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना एकही टोमणा सुचला नाही. वही चांगली होती. पण कुणाच्या मालाला तोंडावर चांगलं म्हणायचा माझा स्वभाव नव्हता. दोन दिवस ताणू, मग सांगू, असं ठरवलं.

घरच्या दोन म्हशींचं दूध मी त्याच्याच संस्थेत घालायचो. त्याच दोन दिवसांत त्यानं ते परत केलं. सकाळी डेअरीपुढे रांग होती. त्यानं माझ्या दुधात लॅक्टोमीटर सोडला, पाहिला, पुसून पुन्हा सोडला.

"डिग्री बसत न्हाई. पाणी हाय."

"थेंब घातला न्हाई मी."

"मीटर सांगतंय, मी न्हाई."

"प्यायला टँकरच्या मागं पळतोय, दुधात घालायला पाणी कुठून आणू बे?"

मागं एक बाई तोंडाला पदर लावून हसली. माझं डोकं फिरलं. माझ्या दोन्ही म्हशी महिनाभर नुसत्या वाढ्यावर होत्या. अशा जनावराचं दूध पातळ उतरतं आणि मीटरला ते पाणी घातल्यासारखंच दिसतं. पण हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मला एवढंच ठाऊक होतं की मी खरा आहे आणि सगळ्या गावासमोर चोर ठरलोय.

दुसऱ्या दिवशी मी किटलीबरोबर वही घेऊन गेलो. रांगेत उभा राहिलो आणि ढाब्यावर वाचायचो तसं मोठ्यानं वाचायला लागलो. एकेक चित्र वर धरून दाखवलं. "ह्याच्यापरीस रस्सीला दगड बांधून सोडा हिरीत. त्यो बी एवढंच सांगतो, आन् त्याला भाकरी घालावी लागत न्हाई." सगळी रांग हसली, म्हातारी माणसंसुद्धा. तो खाली मान घालून एकेकाचं दूध तपासत राहिला. एकाचंही माप चुकवलं नाही.

माझा नंबर आला. त्यानं मीटर सोडला. "आजबी बसत न्हाई," म्हणाला. मग हात पुसून वहीसाठी पुढे केला आणि हळू आवाजात विचारलं, "बरी हाय का न्हाई, तेवढं सांग."

तो थट्टा करत नव्हता. एवढं झाल्यावरही त्याला माझं मत हवं होतं.

"रद्दीत जाईल किलोवर," मी म्हणालो आणि वही त्याच्या हातावर ठेवली.

आठवड्याभरानं दुधाच्या हिशोबाची चिठ्ठी हातात आली ती त्याच वहीच्या कागदाची. मागच्या बाजूला विहिरीचा अर्धा काठ आणि एक कान होता. सगळ्यांच्याच चिठ्ठ्या तशा होत्या. पाऊस पडेपर्यंत लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारत, "किती दिवस रे?" मीही एकदा विचारलं.

मागच्या वर्षी तो फाट्यावर भेटला. आता माझी तिथं दोन दुकानं आहेत. गावची दूध संस्था कधीच बंद पडली. तो लेकीकडे उमापूरला निघाला होता. मी चहा सांगितला. त्या दुधाचा विषय कसा काढायचा, कुठून सुरुवात करायची, हे सगळं माझ्या मनात तयार होतं. कित्येक वर्षांपासून होतं.

माझ्याआधी तोच बोलला. "तुझं दूध बरोबर होतं. पंधरा दिसांत समद्यांचंच तसं याया लागलं, तवा कळलं मला."

"मंग तवाच कावून न्हाई सांगितलं?"

"आलतो की सांगाया. तू ढाब्यावर वाचत होतास, लोक हसत होते. मागं फिरलो."

"मी तवाच म्हणत होतो, थेंब घातला न्हाई म्हणून," मी म्हणालो. चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो.

त्यानं मान हलवली. ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं धुमसलो ते त्यानं घासाघीस न करता पहिल्याच दमात दिलं होतं. आता माझी पाळी होती. वही चांगली होती. तीनच शब्द.

"चित्रं काढतोस का अजून?" मी विचारलं.

"न्हाई."

"कावून?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "येळ कुठं मिळतो," म्हणाला. सगळा दिवस मोकळा असलेला माणूस.

उमापूरकडची गाडी लागली. तो पिशवी घेऊन उठला आणि मी बसल्या जागेवरून हात केला.