मावशी आणि सहा नंबरचं किट

तुम्ही स्वतःचा आवाज कधी डोळ्यांनी पाहिलाय? ऐकलाय का, ते नाही विचारत. पाहिलाय का? दिवसभर मोबाइल कानाला लावून फिरता, शंभर कोसांवरच्या माणसाशी तावातावानं भांडता, आणि आपलं बोलणं इथून तिथे पोचतं कसं हे एकदाही मनात येत नाही? नसेल येत तर फार लाजू नका. पदव्यांची भेंडोळी घेऊन फिरणाऱ्यांच्याही येत नाही. पण मग मावशींची गोष्ट तेवढी नीट ऐका.

मावशी म्हणजे तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दूरसंचार प्रयोगशाळेतल्या मदतनीस. कागदोपत्री त्यांचं काम एवढंच: झाडायचं, पुसायचं, किट म्हणजे प्रयोगाच्या पेट्या कपाटातून काढून द्यायच्या आणि तास संपला की मोजून परत ठेवायच्या. बावीस वर्षांपूर्वी त्या इथे लागल्या तेव्हा शिक्षण सातवी आणि हातात झाडू.

लागल्यापासून आठवडाभरातच ती सकाळ आली. सातला दार उघडलं तर आदल्या दिवशी पोरांनी एका टेबलावरचं यंत्र चालूच सोडलेलं. छोट्याशा पडद्यावर एक हिरवी रेघ, आडवी, गप्प. शेजारी माइक. मावशी झाडता झाडता धुळीनं खोकल्या, तशी रेघ ताडकन उसळली. बिघडवलं काहीतरी, गेली नोकरी! रेघ पुन्हा सपाट झाली. जरा धीर करून त्या पुन्हा खोकल्या, या वेळी मुद्दाम. पुन्हा उसळली. मग दाराबाहेर डोकावून कुणी नाही याची खात्री केली, माइकपाशी वाकल्या आणि हळूच आपलं नाव घेतलं.

नाव दिसलं. सुरुवातीला काटेरी, मधे फुगलेलं, शेवटाला निमुळतं होत विरून गेलेलं. त्या नावानं त्यांना आजवर हाका मारल्या गेल्या होत्या, त्याच नावाला बोल लागले होते, हजेरीच्या मस्टरवर ते दोनदा चुकीचं लिहिलं गेलं होतं. पण ते दिसायला इतकं देखणं आहे हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी अर्धी लॅब झाडायची राहिली.

घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, टायरच्या दुकानावरच्या दीड खोलीत दोघांचा संसार.

"माझं नाव मी आज बघितलं."

"मी रोज शंभर नावं रंगवतो," तो ब्रश धूत म्हणाला. "तुझं कुठल्या रंगात होतं?"

"हिरव्या. आणि हलत होतं."

"मग पक्कं नव्हतं. दुसरा हात द्यायला सांग."

मावशी चिडल्या. राग त्यांच्या नाकावरच असतो. पण पुढच्याच रविवारी त्यांनी नवऱ्याला मागच्या जिन्यानं लॅबमध्ये नेलं आणि माइकपुढे उभं केलं. तो 'अगं' एवढंच म्हणाला. आणि त्या 'अगं'चा आकार बोटानं हवेत गिरवत राहिला.

शिकल्या कशा, म्हणाल तर अशा. पोरं जर्नल मोठ्यानं वाचायची तेव्हा फरशी पुसायची गती कमी व्हायची. लॅबचे जुने तंत्रज्ञ होते, त्यांच्या शेजारी बसून तारांना डाग द्यायला शिकल्या, बोटं भाजून घेतली. तंत्रज्ञ निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही. का भरायची? काम होतच होतं. मावशी करत होत्या, मदतनीस म्हणून. ही आपल्याकडची जुनी हुशारी. माणसाकडून काम मोठं घ्यायचं आणि हुद्दा धाकटा ठेवायचा.

विभागप्रमुख माणूस वाईट नव्हे. फळ्यावर त्यांचा हात कुणी धरणार नाही, झोपेतून उठवलं तरी सूत्र अचूक सांगतील. पण पोरांच्या डोक्यात ते उतरायचं नाही. आवाज एका वेगवान लहरीवर बसवून पाठवतात, त्याला मॉड्युलेशन म्हणतात, हे सगळ्यांना पाठ. बसवतात म्हणजे काय करतात, विचारलं की सगळ्यांच्या माना खाली.

त्यातली एक पोरगी वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून तिला सगळे लांबडी म्हणायचे. या प्रॅक्टिकलला दोनदा आपटलेली. तिसऱ्यांदा आपटली तर प्रवेशच रद्द, असा नियम. एका दुपारी मैत्रीण समजूत घालत होती आणि ती टेबलावर डोकं ठेवून बसलेली मावशींनी पाहिली.

"उठ गं. व्हरांड्यात चल."

कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी दाराच्या कडीला बांधली आणि दुसरं टोक लांबडीच्या हातात दिलं.

"भराभर हलव. वेग अजिबात बदलायचा नाही. हं. आता ही तुझी मैत्रीण गाणं म्हणेल. ती आवाज चढवेल तेव्हा हात मोठा हलव, उतरवेल तेव्हा लहान. वेग तोच!"

मैत्रीण गायला लागली. दोरीच्या लाटा फुगायला आणि आकसायला लागल्या. लांबडीचे डोळे आधी दोरीवर होते, मग तोंडच उघडं पडलं.

"मावशी, गाणं दोरीवर दिसतंय!"

"दोरीला गाणं कळत नाही. ती नुसती धावतेय. गाणं तिच्या उंचीत आहे. आता उंची तशीच ठेव आणि तिच्या आवाजाबरोबर वेग कमी-जास्त कर. ही आवाज बसवायची दुसरी तऱ्हा."

पंधरा मिनिटांत व्हरांड्यात वीस पोरं. हसणं, ओरडणं, "आता मला, आता मला!" आणि नेमके तेव्हाच एक पालक फी भरायला आले. प्रयोगशाळेत दोरीच्या उड्या चालतात आणि झाडूवाली शिकवते, अशी लेखी तक्रार गेली.

पुढच्या चार दिवसांत मावशींनी लांबडीला पडद्यावर मोजायची आपली रीतही दाखवली. आठवड्यात पत्र आलं. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांस कोणत्याही प्रकारे मार्गदर्शन करू नये. पुन्हा आढळल्यास बदली तळघरातल्या भांडारात. एक प्रत मावशींच्या हातात, एक सूचना फलकावर. भांडार म्हणजे मोडक्या खुर्च्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तिथे विजेचा एक दिवा, आणि रेघ कुठलीच नाही. मावशींनी पत्राची घडी घातली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"ठीक आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता माझं तोंड शिवलेलं."

"तुझं?" नवरा म्हणाला. "दोरा पुरणार नाही."

पण पुरला. दीड महिना त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मधे सहा नंबरच्या किटमधला एक भाग जळाला, तो त्यांनी बदलला. नवा भाग आवाज थोडा कमी चढवायचा. बटण चारच्या खुणेवर ठेवलं की पूर्वी येई तो आकडा आता येणार नव्हता. एरवी त्यांनी दारातच सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं. आता कुणाला सांगायचं? हुकूम म्हणजे हुकूम.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक बाई आल्या. पांढरे केस, पायात साध्या चपला, बोलणं मोजकं. चिठ्ठ्या काढून टेबलं वाटली. दिवसभरात सहा नंबरवर सहा जण बसले. शेवटी लांबडी.

आता आपल्या पोरांची एक पिढीजात रीत सांगतो. रीडिंग कुणी घेत नाही. मागच्या वर्षीच्या जर्नलात असतं. सहा नंबर, बटण चारवर: पडद्यावरच्या लहरीची मोठी उंची आठ चौकोन, कंबर, म्हणजे ती आकसते तिथे, दोन चौकोन, वजाबाकीला बेरजेनं भागून उत्तर शून्य दशांश सहा. वर्षानुवर्षं तेच. पहिल्या पाच जणांनी तेच लिहिलं. लांबडीनं लिहिलं शून्य दशांश चार.

परीक्षक बाई थबकल्या. "पाच जणांचं सहा आणि तुझं एकटीचं चार? हे कुठून काढलंस?"

"मोजलं, मॅडम."

"दाखव मोजून."

लांबडीनं बटण चारच्या खुणेवर आणलं. पडद्यावर लहरी दाटून झालेला जाड हिरवा पट्टा खाली सरकवला, त्याची खालची कड बरोबर आखलेल्या चौकोनांच्या रेघेवर टेकवली आणि मग चौकोन मोजले. फुगवट्यापाशी सात. तसंच कंबरेपाशी: तीन. वजाबाकी चार, बेरीज दहा, भागून शून्य दशांश चार. बाईंनी वाकून स्वतः मोजलं. सात आणि तीन. त्यांनी चष्मा काढला.

"पोरी, तू बरोबर आहेस. पण कड रेघेवर टेकवून मोजायची ही युक्ती पुस्तकात नाही. हा हात कुणाचा?"

विभागप्रमुख घाईनं म्हणाले, "वर्गात सूत्र मी स्वतः..."

"सूत्र नाही विचारत, सर. हात कुणाचा, ते विचारतेय."

"माझाच," लांबडी पुटपुटली. "असंच आलं."

"असंच येत नाही. खरं सांगणार नसशील तर मी मार्क कशाचे देऊ?"

लांबडीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिनं फलकावरचं पत्र वाचलं होतं. नाव घेतलं तर मावशी तळघरात, नाही घेतलं तर ती घरी. तिनं ओठ घट्ट मिटले. आणि कपाटाआडून, फडकं हातात तसंच, आवाज आला:

"माझा."

मावशी कपाटाआडून पुढे आल्या.

"मावशी, तुम्हाला पत्र मिळालं होतं ना?" विभागप्रमुख.

"मिळालं साहेब. फलकावरही वाचलं. वाचता येतं मला."

"आणि सहा नंबरचा आकडा बदलला कसा? भाग बदललात तर आधी कुणाला सांगता नाही आलं?"

"तोंड उघडायचं नाही असं तुम्हीच लिहिलंत. तुमचीच सही आहे."

परीक्षक बाईंनी तोंडाला रुमाल लावला, हसू लपवायला की खोकला, कुणास ठाऊक. मग म्हणाल्या, "मला दाखवता?"

मावशींनी पिशवीतून आपला खिशात मावेल एवढा रेडिओ काढला, कडा झिजलेला, मागे चिकटपट्टी. लांबच्या खिडकीत नेऊन ठेवला. सहा नंबरला हातभर तार लावली, रेडिओचं चाक केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवलं. खरखर थांबून एक भरीव शांतता आली. "ही नुसती लहर," त्या म्हणाल्या. "धावतेय, पाठ रिकामी आहे. आता बोला."

बाई माइकपाशी वाकल्या. काय बोलावं सुचेना, म्हणून स्वतःचं नाव बोलल्या. इथे हिरवा पट्टा त्या नावाच्या आकारात फुगला, आकसला. आणि त्याच क्षणी तिथे, पंधरा पावलांवर, मधे काहीही नसताना, खिडकीतून त्यांच्याच आवाजात ते नाव आलं.

तीस वर्षं हे शिकवत आलेली बाई. सूत्रं, आकृत्या, प्रश्नपत्रिका सगळं हातचं. त्यांनी मधल्या रिकाम्या हवेकडे पाहिलं, जणू आत्ताच तिथून कुणी चालत गेलं होतं. विभागप्रमुखही बघत होते, आणि त्यांचा हात नकळत हवेत पुढे झाला होता.

"पुन्हा," बाई कुजबुजल्या.

मावशींनी बटण जास्तच फिरवलं. बाईंनी नाव घेतलं, तर पट्ट्याची कंबर मिटून गेली, रेडिओतलं नाव चिरफाळून आलं. त्यांनी बटण मागे घेतलं, बाई पुन्हा बोलल्या. नाव पुन्हा सगळंच्या सगळं आलं.

लांबडी पास झाली. बाकीच्या पाच जणांना बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी परत बसवलं, आणि मोजायचं कसं ते मावशींनी दाखवावं असं लेखी दिलं. पत्र मागे घेतलं गेलं का? छे. मोठ्यांची पत्रं मागे कुठे जातात. विभागप्रमुखांनी त्याखाली हातानं एक ओळ लिहिली: उपकरणे हाताळण्याच्या मार्गदर्शनापुरता अपवाद. सही.

"अपवाद म्हणे," मावशी नवऱ्याला म्हणाल्या. पण भांडार टळलं होतं.

"चांगला शब्द आहे," तो म्हणाला. "पाटी रंगवून देऊ?"

आता दर शनिवारी दुपारी लॅब भरते. पोरं किटवरून बोलतात आणि खिडकीत ऐकतात, मग रेडिओ उघडून आवाज आत नेमका कुठे उतरतो ते शोधतात. आकडे आता डोळ्यांनी बघून लिहितात. पण पोरं चाळीस आणि रेडिओ एकच, तोही चिकटपट्टीवर जगणारा. तेव्हा तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, मोडका का असेना, चाक फिरवायचा जुना रेडिओ पडला असेल, तर तो भंगारात घालू नका. जवळच्या एखाद्या तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या मजल्यावर न्या, आणि फडकं हातात घेतलेली जी बाई भेटेल, तिच्याच हातात द्या.