नळाकडचा एक ठिपका

आमच्या काचीगुड्याच्या खोल्यांमागे चिंचेचं झाड होतं. त्याच्यावर बाई राहते, अमावास्येला फांदीवर बसून पाय हलवते, असं सगळे सांगायचे. मी त्याच झाडाखाली जन्मभर भांडी घासली. कुणाचा पाय कधी दिसला नाही. दिसला असता तर म्हटलं असतं, रिकामी बसलीस तर खाली ये आणि कढई घास.

भूत, करणी, अंगात येणं – मला यातलं काही पटत नाही. तेव्हाही पटत नव्हतं, आजही नाही. तुमच्या या पानावर लोक भुताखेताचे अनुभव लिहितात, ते नात मला वाचून दाखवते. निम्म्या लोकांना झोपेची गरज आहे असं माझं मत. तरी एक गोष्ट माझ्याकडेही आहे... ती जशी झाली तशी लिहिते. शिक्षण चौथीपर्यंत. वहीत मी लिहिलंय, टाईप नातीने केलंय. शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या तर त्या तिच्या धरा.

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनच्या मागच्या अंगाला एका ओळीत खोल्या होत्या. तिथे आम्ही भाड्याने राहायचो. हे सिकंदराबादला रेल्वेत फिटर. शेजारची खोली राजम्माची. ती वरंगलकडची, नवरा बस डेपोत. आमच्या दोघींच्या दारांपुढे मिळून एकच शहाबादी फरशीचं अंगण, आणि त्याच्या डाव्या टोकाला सगळ्यांचा नळ. तेलुगू मला येत नव्हती, मराठी तिला येत नव्हती. आम्ही दोघी हैदराबादी हिंदीत भांडायचो. ते दोघींनाही छान यायचं.

सकाळी पहिली गाडी शिट्टी द्यायची तेव्हा राजम्मा फरशी धुऊन मुग्गू घालत असायची. मुग्गू म्हणजे आपली रांगोळी, पण तिची ठिपक्यांची. आधी सगळे ठिपके देऊन घ्यायचे – बाजूंना कमी होत जाणाऱ्या ओळी, मोठ्या शंकरपाळ्यासारख्या. मग आत जाऊन चहा प्यायचा. मग येऊन रेघा ओढायच्या. मधोमध ती एकाच्या जागी दोन ठिपके चिकटून द्यायची. आणि डावीकडे, नळाच्या बाजूला, काठाच्या आतल्या ओळीत एक ठिपका हमखास सोडायची. रोज. एक दिवस चुकलं तर समजू शकते. रोज तीच जागा?

"राजम्मा, एक छूट गया देख."

"हौ अक्का. रहने दो."

"गिनती नहीं आती क्या तेरेकू?"

"तुम चौथी पढ़े ना. तुम गिनो बैठके."

ती चहाला आत गेली की मी वाकून बोटाने तो ठिपका घालायचे. मला अर्धवट काम बघवत नाही. पाणी भरून परत यावं तर तो पुसलेला. ती काही बोलायची नाही, मीही नाही. मी भरायचे, ती पुसायची. अशी वर्षं गेली. आमची सुमन तिच्या पायाशी बसून हे बघतच मोठी झाली. मी शिवणाच्या मशीनवर असायचे, पोर राजम्माच्या मांडीवर. भात-पप्पू, म्हणजे वरण-भात, तिच्याकडे, भाकरी माझ्याकडे. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या ओळीत जागा इतकी कमी होती, तरी कुणाला अडचण झाल्याचं आठवत नाही.

मग ते दिवस आले. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघाले, गच्च्यांवर केबलच्या छत्र्या उगवल्या, आमच्या ओळीच्या मालकाकडे बिल्डर लोक येऊन बसायला लागले. सुमनचं लग्न झालं. जावई टेलिफोन खात्यात. देशभर टेलिफोन वाढत होते, त्याची बदली थेट अंदमानला झाली. त्याच सुमारास राजम्माला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. तिचं बाजलं दारात टाकलेलं असायचं. मुग्गू बंद. फरशी मी धुवायचे, पण रांगोळी घालत नव्हते. तिच्यासमोर बरं दिसत नव्हतं.

एक दिवस कोपऱ्यावरच्या बूथवाल्याने बोलावणं पाठवलं. जावयाचा फोन. सुमनला दिवस गेलेले होते हे माहीत होतं. बाळ आलं ते रडलंच नाही. जावई म्हणाला, "आई, ती जेवत नाही. बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते. डॉक्टर म्हणतात अशीच राहिली तर अवघड आहे. तुम्ही या आणि तिला घेऊन जा."

मी निघताना राजम्माला सांगितलं. तिने डाव्या हाताने उशीखालून वर्तमानपत्राची पुडी काढली. तांदळाचं पीठ आणि चुनखडी, तिच्या मुग्गूचं.

"सुमनकू दे. बोल, मैं दी."

"और क्या बोलूं?"

"बस. उतनाच." तिचे शब्द तेव्हा जड यायचे.

पासवर मद्रासपर्यंत रेल्वे, तिथून बोट. बोटीत मी ओकले, हे झोपले. पोर्ट ब्लेअरला पोचले तेव्हा पोरगी ओळखू येईना. मनगटं काडीसारखी. दार उघडं-बोडकं, उंबऱ्यापुढे पाण्याचा थेंब नाही. पुडी दिली, तिने ती मिठाच्या बरणीमागे सरकवली. मी आपली सरळ बोलणारी. म्हटलं, "सुमन, झालं ते झालं. तुझं वय काय गेलं नाही. दुसरं होईल, भरून निघेल." ती उठून आत गेली. रात्री जेवली नाही.

परतीच्या बोटीची तिघांची तिकिटं जावयाने काढली होती. सुमन येते म्हणेना, नाही म्हणेना. ताटापुढे बसायची आणि उठायची. मला एकच भीती – हिला अशीच उचलून नेली तर ही वाटेतच संपेल, आणि ठेवली तर इथे.

बोटीला अजून दिवस होते. जावई म्हणाला, वंडूरला समुद्रातलं संरक्षित उद्यान आहे, मला सुट्टी नाही, तुम्ही तिघं जाऊन या, तेवढीच ती घराबाहेर पडेल. मी म्हटलं, समुद्रात कसलं आलंय उद्यान. पण गेलो.

गेटवर पिशव्या तपासल्या. गार्डने बजावलं, काही टाकायचं नाही, काही उचलायचं नाही, मेलेला शिंपलासुद्धा नाही. एका बेटावर नेलं. तिथे तळाला काच लावलेली छोटी होडी. मला पोवळं माहीत ते सोनाराच्या डबीतलं, लाल मण्याएवढं. इथे खाली पोवळ्याचं रान होतं – फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, हरणाच्या शिंगासारखं, काही तर सोललेल्या अक्रोडासारखं. त्यातून निळे-पिवळे मासे. होडीवाला म्हणाला, हे सगळं जिवंत आहे. आमचे हे लहान पोरासारखे ओरडत होते, "अगं सुमन, तो बघ, तो बघ." सुमन काचेतून बघत होती, पण तिला काही दिसत नव्हतं. आईला कळतं ते.

होडीतून उतरून लोक पाण्यात डुंबायला गेले. ओहोटी लागलेली. आम्ही बेटाच्या दुसऱ्या अंगाला सावलीत गेलो. मी दशम्या आणि शेंगादाण्याची चटणी आणली होती. ओल्या वाळूवर सगळीकडे बारीक बारीक गोळ्या पडल्या होत्या, मोहरीपेक्षा मोठ्या, वाटाण्यापेक्षा लहान. मधे भोक आणि भोवती गोळ्यांचे फाटे, सूर्य काढल्यासारखे. गार्ड मागून आला होता. त्याने सांगितलं, "छोटा केकड़ा है अम्मा. रेत में से खाना खाता, गोली बनाके फेंकता. पानी आएगा, सब साफ."

बरं, म्हटलं. पुढे चालले. आणि थांबले.

समोर मोकळ्या वाळूत गोळ्यांच्या सरळ ओळी होत्या. फाटे नाहीत, भोक नाही. ओळीखाली ओळ, बाजूंना कमी होत गेलेली, मोठ्या शंकरपाळ्यासारखी. आमच्या अंगणातल्या फरशीएवढीच. रेघा तेवढ्या ओढायच्या राहिलेल्या... म्हणजे कुणीतरी ठिपके देऊन चहा प्यायला आत गेल्यासारखं. मधोमध दोन गोळ्या चिकटून. मी डावीकडे बघितलं. बघायची गरज नव्हती. काठाच्या आतल्या ओळीत एक जागा रिकामी.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, हे बघा."

"खेकड्यांचा उद्योग," हे म्हणाले. "गार्ड आत्ताच म्हणाला ना."

"ओळी बघा ओळी."

"मग? मुंग्या नाही चालत ओळीत?" असं म्हणून यांनी जावयाचा कॅमेरा होता त्याने एक फोटो काढला आणि सावलीत जाऊन बसले.

भोवती माणसाच्या पावलाचा ठसा नव्हता. वाळू सगळी गुळगुळीत, ओली. मी घाबरले नाही, खोटं का सांगू. मला राग आला. इतक्या लांब येऊनसुद्धा ही बाई एक विसरलीच. हात सवयीने गेला. वाकले आणि बोटांनी चिमूटभर वाळू उचलली.

सुमनने माझं मनगट धरलं.

"आई, राहू दे."

आल्यापासून तिने पहिल्यांदा मला हात लावला होता.

"ती जागा बाबूची आहे," ती म्हणाली.

"कोण बाबू?"

"राजम्मामावशीचा. पहिला मुलगा. वर्षाचा होऊन तापात गेला, गावी. मी लहान असताना विचारलं होतं, मावशी, तू नेहमी चुकतेस कशी? तर म्हणाली, वो मेरे बाबू की जगा है. भर दिए तो कहां बैठेगा उनो?"

मी वाळू टाकून दिली.

"मला कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"तू कधी विचारलंस? तू भरायचीस."

ती त्या रांगोळीपाशी बसली, डावीकडे, जिथे आमच्याकडे नळ असता तिथे. आणि रडली. मोठ्याने, तोंडावर हात न घेता. गार्ड लांबून बघत होता. मी गप्प बसले. माझ्या जन्मात फार कमी वेळा मी गप्प बसलेय. पाणी चढायला लागलं. पहिली लाट आली तिने अर्ध्या ओळी नेल्या, दुसरीने बाकीच्या. सुमनने डोळे पुसले आणि म्हणाली, "चटणी कशाची आहे?"

दोन दशम्या खाल्ल्या पोरीने.

दुसऱ्या दिवशी उठले तर दारापुढे पाणी शिंपडलेलं. मिठाच्या बरणीमागची पुडी उघडी. उंबऱ्यासमोर राजम्माचा मुग्गू, मधे जोडठिपका, डावीकडे एक जागा सोडलेली. जावई दारात उभा राहून नुसता बघत होता. सुमन म्हणाली, "आई, माझं तिकीट परत कर. मी इथेच राहते." मी तिला थांब म्हटलं नाही, चल म्हटलं नाही. ती जागा ओलांडून, पाय न लागू देता बाहेर गेले.

काचीगुड्याला आल्यावर राजम्माच्या बाजल्यापाशी बसून सगळं सांगितलं. तिने डोळे मिटूनच ऐकलं. मला वाटलं झोपली. मग तिनेच विचारलं, "बाजू कौनसी थी?"

"नल की बाजू," मी म्हटलं. बेटावर कुठला आलाय नळ. पण तिला कळलं.

"तुम भरे क्या?"

"नहीं."

"अच्छा करे." आणि मग, "अक्का, चाय बना ना थोड़ी."

मी चहा केला. बशीत ओतून पाजला. बाबूचं नाव ना तिने काढलं ना मी. त्यानंतर दोन पावसाळे काढून ती गेली.

तो फोटो अजून आहे. कडा पिवळ्या पडल्यात. ज्याला दाखवला तो म्हणतो, खेकड्यांच्या वाळूच्या गोळ्या आहेत. गोळ्याच आहेत, मी कुठे नाही म्हणते? नातीने मोबाईलवर माहिती काढून दाखवली, तसले खेकडे असतात, नक्षीही करतात. ही नात सुमनची. खेकडे गोळ्या करतात हे मला मान्य. पण खेकड्याने चुकायचं कुठे, हे त्याला कुणी सांगितलं? राजम्मा तर त्या दिवशी काचीगुड्यात बाजल्यावर होती, चांगली जिवंत. मग ते कुणी घातलं? पुष्कळ विचार करून झाला. मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा, पण उगीच मोठं करून लिहू नका.

आमच्या खोल्यांच्या जागी आता चार मजली अपार्टमेंट आहे. चिंच गेली, नळ गेला. आम्हाला तिथेच वरती फ्लॅट मिळाला. मी लिफ्टसमोरच्या तुकड्यावर सकाळी ठिपके देते, मग चहा प्यायला आत येते. समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याची एक मुलगी राहते, कॉम्प्युटर कंपनीत आहे, फार व्यवस्थित. ऑफिसला जाताना तिला तो राहिलेला ठिपका दिसतो. वाकून, बोटाने, रोज भरून जाते बिचारी.

ती लिफ्टने खाली गेली की मी पुसते. अजून तिने विचारलेलं नाही. विचारलं की सांगेन.