त्या एका दिवसासाठी घेतलेली गाडी

माझ्या भाऊजींना सगळं गाव फिटर म्हणतं. मी तोंडावर भाऊजी म्हणते आणि माघारी फिटरच म्हणते. तीस वर्षं त्यांनी जुने ट्रक आणि पाण्याचे पंप दुरुस्त केले, आणि तेही फक्त डिझेलचे. पेट्रोलच्या इंजिनाला ते खेळणं म्हणायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगून टाकायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसराच! त्या कानाचा त्यांना भारी तोरा. घरात आम्ही तीनदा हाक मारली तरी ऐकू जायची नाही, पण दोन गल्ल्या पलीकडे कुणाचं इंजिन खोकलं की माणूस जेवता जेवता थांबलाच.

मी त्यांची मेहुणी. शाळेचे गणवेश शिवते आणि ताईच्याच घराच्या वरच्या खोलीत राहते, त्यामुळे जे झालं ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. एक आधीच सांगून ठेवते. मला राग आलेला आहे, तो अजून गेलेला नाही, आणि तो थोडा माझ्यावरही आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी बारकी. एकवीस वर्षांची झाली तरी बारकीच. सतराव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस. घरातल्या कुणाची किडनी जुळेना. ताईला साखर, भाऊजींचा रक्तगट वेगळा, माझाही वेगळा. मग मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या यादीत नाव घातलं आणि वाट बघत बसलो. इस्पितळ आमच्यापासून सव्वातीनशे किलोमीटर. त्यांनी सांगितलं होतं, कधीही फोन येईल, आला की सहा तासांत इथं हजर व्हायचं. नाही आलात तर पुढच्याला देणार. किडनी कुणासाठी थांबत नाही.

चार वर्षं आमचा जीव त्या फोनला टांगलेला होता. ताई न्हाणीघरात जातानाही फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायची. आणि पोरगी अशी, की उलट आम्हालाच हसवायची. मशीनवरून आली की म्हणायची, "मावशी, धुऊन पिळून आले बघ, आता नुसती दोरीवर टाक."

गाडी घ्यायचं ठरलं ते तिच्यासाठीच. डायलिसिसनंतर तिला टॅक्सीत अवघडून बसवत नसे. पाय सुजायचे, वाकून आत शिरता यायचं नाही. उंच, ऐसपैस, मागची सीट पाडून आडवं होता येईल अशी गाडी हवी होती. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. वाद होता इंजिनाचा.

शोरूममधली मुलगी शहाणी निघाली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, रोज किती चालणार?"

"रोज नाही. आठवड्यातून तीनदा. चार किलोमीटर जायचं, चार यायचं."

"मग पेट्रोल घ्या," ती म्हणाली. "नव्या डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी लांब पळून तापली की ती काजळी आतल्या आत जळून जाते. चार किलोमीटरमध्ये ती तापतच नाही, मग फिल्टर तुंबतो."

फिटरच्या नाकाला अशा काही मिरच्या झोंबल्या! काल शाळेतून सुटलेली पोर, आणि त्यांना डिझेल शिकवतेय. पण ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, रोजचे चार किलोमीटर हातगाडीवालाही नेईल. मला गाडी एका दिवसासाठी हवी आहे. त्या दिवशी हिला घेऊन सव्वातीनशे किलोमीटर जायचंय. मध्ये मोठा चढ आहे. चार माणसं, सामान, एसी चालू. त्या चढावर खेळणं धापा टाकायला लागलं तर मी काय करू?"

त्या मुलीने डिझेल गाडीचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. बारकीने बापाच्या दंडाला धरलं. आणि मी, मी मान डोलावली. मला तेव्हा ते बोलणं एवढं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. बाप असावा तर असा, असं मी मनात म्हटलं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गाडी आली. आठ महिने ती घर ते डायलिसिस, डायलिसिस ते घर अशी फिरली. तिसऱ्या महिन्यात समोरच्या काट्यांच्या मध्ये एक पिवळा दिवा लागला. बारकीने गाडीबरोबर आलेलं पुस्तक मशीनवर पडल्या पडल्या अख्खं वाचून काढलेलं. ती म्हणाली, "बाबा, हा त्या फिल्टरचा दिवा आहे. वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर जोरात चालवा, आपोआप विझतो. रविवारी जाऊ ना आपण कुठेतरी! मला पण फिरायला मिळेल."

"तुला उन्हाधुळीत कुठे नेऊ?" भाऊजी म्हणाले. "काही जंतू-बिंतू लागला म्हणजे? घरात पड आरामात."

"मग तुम्ही एकटे जाऊन या."

"आणि तेवढ्यात फोन आला तर?"

माया होती ती, खोटी नव्हती. पण त्यांनी सर्व्हिस सेंटरलाही गाडी दाखवली नाही. ती पोरं लॅपटॉप लावून इंजिन बघतात म्हणून त्यांच्याकडे जायची यांना लाज. घरीच बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि म्हणाले, "ठणठणीत आहे. कंपनीने धुराड्यात बोळा कोंबलाय आणि वर दिवा लावलाय, लोकांना घाबरवायला." ताई खरंच घाबरायची, सारखी त्या दिव्याकडे बघायची. तर एक दिवस या माणसाने त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली! मी बघितलं. मी म्हटलं, "भाऊजी, हे काय?" तर म्हणाले, "तू तुझं शिवण बघ." आणि मी गेले की शिवण बघायला.

फोन आला तो सोमवारी सकाळी, दहाला दहा कमी असताना. ताईने तो घेतला आणि नुसती "हो, हो, हो" करत राहिली. इस्पितळातल्या समन्वयक बाई होत्या. किडनी मिळाली होती, जुळत होती. चारपर्यंत पोहोचा, फार तर साडेचार, त्यापलीकडे थांबता येणार नाही. दुसऱ्या एका पेशंटलाही बोलावून ठेवलंय, तुम्ही आला नाहीत तर त्यांना देणार. हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं.

बॅग चार वर्षं भरूनच ठेवलेली होती. सव्वादहाला आम्ही निघालो. त्या दिवशीचं डायलिसिस राहिलं, पण आता ते कशाला हवं होतं! बारकी मागे आडवी, तिचं डोकं ताईच्या मांडीवर. मी पुढे, मांडीवर फाइल. भाऊजी गाडी चालवत होते आणि चक्क शीळ घालत होते. "बघ कशी ओढतेय," मला म्हणाले, "बघ!" ओढत होती खरी. तासभर आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो. बारकी म्हणाली, "बाबा, चार वर्षं मोजून घोट पितेय, मला पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायचंय. तांब्याने."

साडेबाराच्या सुमाराला, निम्मा रस्ता व्हायच्या आत, चढ सुरू झाला आणि गाडी मेली. म्हणजे बंद नाही पडली. नुसती ताकद गेली. पाय दाबलेला, पण काटा चाळीसच्या वर जाईना. मग तीसवर आला. पिप पिप आवाज सुरू झाला. मी हात पुढे करून ती काळी पट्टी टराटरा काढली. खालचा दिवा लुकलुकत होता.

"बाबा," मागून बारकी उठून बसली. "लुकलुकायला लागला तर फिल्टर पूर्ण भरलाय. तो आता चालवून मोकळा होत नाही, वर्कशॉपमध्येच न्यावी लागते. पुस्तकात आहे."

"दहा मिनिटं," भाऊजी म्हणाले आणि गाडी कडेला घेतली.

तिथे जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही बापाच्या बाबतीत झालं नसतं. ड्रायव्हर असता, कारकून असता, मास्तर असता, तर त्याचे हातपाय गळाले असते आणि त्याने रस्त्यात आडवं उभं राहून मिळेल ती गाडी थांबवली असती. हा बाप फिटर होता. त्याने बॉनेट उघडलं आणि स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला.

"इंजिन ठणठणीत आहे," ते म्हणाले. खरं होतं ते. इंजिनाला काही झालेलंच नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊजी, मी गाडी थांबवते कुठलीतरी."

"हात करायचा नाही! माझी पोरगी माझ्या गाडीतून जाईल. दहा मिनिटं म्हटलं ना!"

ताईने समन्वयक बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मिळेल त्या वाहनाने निघा, आत्ताच्या आत्ता." ताईने ते मोठ्याने सांगितलं. भाऊजी तोवर गाडीखाली शिरले होते. "सायलेन्सर पुढून सैल करतो, धूर बाहेर जाईल, मग बघ कशी पळते." पाना घसरला. तापलेल्या नळीवर हात चिकटला, सोललाच, तरी माणूस बाहेर येईना. नट फिरेना. पुन्हा "दहा मिनिटं". जवळच्या गावातून टॅक्सी मागवावी म्हटलं, तर ती यायला चाळीस मिनिटं लागणार होती. "तेवढ्यात आपण वर पोहोचू," खालून आवाज आला. आणि मी फोन ठेवला. का ठेवला? तीस वर्षं या माणसाने मोडलेलं सगळं चालू करून दाखवलं होतं म्हणून. माझाही त्याच्यावर विश्वास होता, काय करू!

एक तास वीस मिनिटं गेली. बारकी रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. तिने एकदाच म्हटलं, "बाबा, पुरे ना." आवाज इतका बारीक होता की त्यांना गाडीखाली ऐकूच गेला नाही.

मग मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. एक जुनाट, छोटी गाडी करकचून थांबली. आत एक बाई एकटी होती, कुठल्याशा शाळेत शिक्षिका. मी काय बोलले मला आठवत नाही. "बसा," एवढंच ती म्हणाली. भाऊजींना मी पाय धरून गाडीखालून ओढलं. अक्षरशः ओढलं. आम्ही चौघं त्या डबीत कोंबून बसलो आणि पावणेदोनला निघालो. पेट्रोलची गाडी होती. चढावर धापा टाकत होती, पण थांबली नाही. भाऊजी पुढे बसले होते, भाजलेला हात छातीशी धरून, आणि सगळा रस्ता एकच बोलत होते, "जरा दाबा हो बाई, जरा दाबा." पुढे डोंगरात फोनला रेंज नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते.

समन्वयक बाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरच सगळं दिसलं. "साडेचारला दुसऱ्या पेशंटला आत घेतलं," त्या म्हणाल्या. "मी सहा फोन केले तुम्हाला."

"सांगा ना त्यांना," भाऊजी म्हणाले. "आम्ही आलोय म्हणावं. वीसच मिनिटं उशीर झालाय. सांगा ना हो!"

"शस्त्रक्रिया सुरू झालीय, काका."

पलीकडच्या बाकावर एक बाई मांडीवर पुरुषाच्या चपला घेऊन बसली होती आणि फोनवर कुणाला तरी सांगत होती, "मिळाली गं, मिळाली!" आम्हाला बघून तिने आवाज खाली केला. तिला काय माहीत आम्ही कोण ते.

बारकी खुर्चीवर टेकली. भाऊजी तिच्यासमोर फरशीवर बसले, तिचे सुजलेले पाय धरले आणि ढसाढसा रडायला लागले. "बारके, मी घालवली गं. माझ्या हाताने घालवली. मला माफ कर, बाळा, मला माफ कर." येणारे जाणारे थांबून बघायला लागले. मी आणि ताई, आम्ही दोघी बारकीकडे बघत राहिलो. चार वर्षं आमच्या घरात रडायचं आम्ही आणि समजूत काढायची तिने, अशी सवयच झाली होती आम्हाला. आताही ती काहीतरी बोलेल, हसवेल, असं मला वाटलं. मेली लाज वाटते सांगायला, पण मी वाट बघत होते.

तिने त्यांच्या हातातून पाय सोडवून घेतले.

"बाबा, मला आत्ता तुमची समजूत काढायची नाहीये," ती म्हणाली. "मला ती किडनी हवी होती."

समन्वयक बाईंनी हळूच विचारलं, आजचं डायलिसिस राहिलंय ना, इथेच करून घेता का? बारकी म्हणाली, "हो. कितव्या मजल्यावर?" माझ्या हातातली फाइल तिने घेतली आणि भिंतीला धरत लिफ्टकडे निघाली. भाऊजी उठून मागे जायला लागले, तेव्हा तिने वळून न बघता हात वर केला, येऊ नका म्हणून.