डबा बंद, टीव्ही चालू

चष्मेकाकांचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. समोरच्या माणसाला 'आता नीट दिसतंय की मघाशी दिसत होतं?' असं विचारण्यात त्यांची हयात गेली. माणूस शांत, पण भारी शंकेखोर. कुलूप लावल्यावर ते पुन्हा ओढून बघणार, गॅस बंद केलाय की नाही हे खाली उतरून परत वर येऊन बघणार. काकूंना याची इतकी सवय झाली होती की काही नवीन करायचं असलं तर त्या आधी करून टाकत आणि मग सांगत. कधी कधी सांगतही नसत.

लेक लग्न होऊन परगावी गेली, तेव्हा तिने घरचे सगळे फोटो नि व्हिडिओ एका छोट्या काळ्या डब्यात भरून तो वायफायला जोडून दिला होता. डबा कपाटावर बसून राही आणि त्यातलं सगळं टीव्हीवर दिसे. तिथून पुढे नातीचे नवे व्हिडिओही ती त्यातच पाठवू लागली. रविवारी जेवणं झाली की काका सोफ्यावर रेलून नातीचं रांगणं बघत.

एका रविवारी त्यांनी टीव्हीवर डब्याचं नाव निवडलं, तर नात गायब. तिच्या जागी काचेच्या पेटीत लाल मासे फिरत होते. पुढच्या व्हिडिओत एक टकले गृहस्थ केक कापत होते. काकांनी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"अगं, हा कोण?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

काकू भांडी घासत होत्या. "कोण म्हणजे? सिनेमा असेल."

काकांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, तुमच्या मोबाईलवर डबा उघडून बघा."

मोबाईलवर सगळं जागच्या जागी होतं. नात होती, लग्न होतं, जुन्या दुकानाचे फोटोही होते. टीव्हीवर मात्र मासेच.

"मग मीडिया शेअरिंग बंद करून परत चालू करा."

केलं. मासे.

"डब्याला व्हिडिओंची यादी पुन्हा बनवायला सांगा. वेळ लागेल."

डबा बराच वेळ घुरघुरला. काकांनी चष्मा पुसला, ते पाणी प्यायले आणि त्यांनी पुन्हा बघितलं. मासे तसेच, गृहस्थही तसेच. आपलं घर मोबाईलमध्ये राहतंय आणि टीव्हीत दुसरंच कुणी राहायला आलंय, असं काहीतरी त्यांना वाटू लागलं. डोकं चालेना. नुसतंच बटण दाबत ते पुढे पुढे गेले आणि एका व्हिडिओपाशी थबकले.

इमारतीमागचं अंगण. सायकलवर एक बाई, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. हँडल डावीकडे, चाक उजवीकडे, आणि बाई किंचाळत सरळ कुंपणाच्या झुडपात. झुडपातून बाहेर आलेला हसरा चेहरा काकूंचा होता.

काकांनी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघितला. परत काकूच.

"अगं, जरा बाहेर ये!"

काकू हात पुसत आल्या, टीव्हीकडे बघितलं आणि जागीच थिजल्या. "हे... हे इथे कसं आलं?"

"तू सायकल चालवतेस?"

"चालवत नाही हो. पडते."

डबाच बिघडलाय, बंद केलेला बरा, असं ठरवून काका स्टुलावर चढले आणि त्यांनी डब्याची वायर उपटली. डब्याचा दिवा विझला. टीव्हीवर काकू पुन्हा झुडपात शिरल्या. काका स्टुलावरच उभे राहिले. एका हातात वायर, दुसऱ्यात मोबाईल.

"अगं, डबा बंद आहे," ते लेकीला म्हणाले, "आणि तुझी आई अजून चालूच आहे."

मग लेक म्हणाली, "बाबा, टीव्ही कुठल्या वायफायवर आहे?"

काकूंनी डोक्याला हात लावला. दोन-तीन दिवसांपूर्वी घरचं नेट गेलं होतं. त्यांना मालिकेचा शेवटचा भाग चुकवायचा नव्हता, म्हणून त्यांनी खाली नव्याने राहायला आलेल्या टीचरकडून वायफायचा पासवर्ड घेतला आणि टीव्हीत भरला. तो तसाच राहिला. टीचरनेही काकूंचं ऐकून असाच डबा घेतला होता. दोन्ही डब्यांना कंपनीने दिलेलं एकच नाव, त्यामुळे टीव्हीवर खालचाच डबा लागत होता. मासे टीचरचे, टकले गृहस्थ टीचरचे भाऊ. आणि काकूंना सायकल शिकवून व्हिडिओ काढणाऱ्याही टीचरच.

काकांनी वायर परत लावली आणि टीव्ही घरच्या वायफायवर आणला. थोड्या वेळाने नात रांगत पडद्यावर आली. पण काकांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आधी ब्रेक तपासले असते, मग टायर, मग माझे गुडघे. मी शिकणार कधी?"

राग आलाय की हसू, हे काकांना कळेना.

मंगळवारी ते दुकानातून लवकर आले आणि थेट मागच्या अंगणात गेले. काकू सायकलवर बसत होत्या. टीचरने काकांना बघून मान हलवली. काकांनी मागून सीट धरली आणि सायकलबरोबर पळू लागले. अर्धं अंगण गेलं, पुढे वळण आलं.

"सोडा! अहो, सोडा आता!" काकू ओरडल्या.

धापा टाकत काका पळतच राहिले. नेमकं कधी सोडायचं, हे काही त्यांना समजेना.