न्यूट्रॉनवाल्यांची परिषद आणि पार्सेतले दोन डबे

परिषद डिचोलीजवळ आहे म्हटल्यावर आईने सगळ्यात आधी स्टीलचे दोन डबे काढले. "पेडण्याला उतरणारच आहेस, तर पार्सेच्या घाण्यावरचं खोबरेल आण." पोस्टरची नळी एका खांद्यावर, डब्यांची पिशवी दुसऱ्यावर, अशी मी ठाण्याहून निघाले.

माझं काम थोडक्यात सांगते. डिचोलीच्या खाणीतल्या लोहखनिजात पाणी कुठे दडून बसतं, ते मी न्यूट्रॉनचा झोत सोडून शोधते. नमुना ॲल्युमिनियमच्या डबीत भरतात. डबीही न्यूट्रॉन विखुरते, म्हणून रिकामी डबी वेगळी मोजून वजा करायची. तेवढं करून माझ्या आलेखावर एक बारीक उंचवटा उरला होता, आजवर कुणाला न दिसलेला. प्रबंध त्याच्यावरच उभा होता आणि मी जरा हवेतच होते.

पेडणे स्टेशनवरून पार्सेला रिक्षा मिळते. भाडं आधी ठरवा. रस्ता काजूच्या बागांतून जातो, छान आहे. घाण्यावरच्या काकींनी तेल भरण्याआधी एक रिकामा डबा काट्यावर ठेवला. मी घाईत म्हटलं, "दुसरा तसाच आहे, याचंच वजन धरा."

"दिसता सारको," काकी म्हणाल्या, "पण तोलल्याशिवाय कसा सांगतलस, बाय?"

दुसरा चांगला पाव किलोने जड निघाला.

पेडण्याहून बसने म्हापसा, तिथे बदलून डिचोली. सुटे पैसे जवळ ठेवा. म्हापसा सोडल्यावर मला एकदम आठवलं. मोजणीच्या दिवशी माझी डबी गळत होती, म्हणून नमुना मी दुसऱ्या डबीत ओतला होता. रिकामी मोजलेली मात्र पहिलीच.

हॉटेलवर पोचल्या पोचल्या वही उघडली. दुसऱ्या डबीची भिंत जाड होती. जाडीचा फरक धरून पुन्हा वजाबाकी केली, तर उंचवटा गायब. दोन वर्षं मी ॲल्युमिनियमचंच कौतुक करत होते. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी डिचोलीच्या बाजारात पातळ भाजी आणि पाव खाल्ला (लवकर जा, संपतं). तसंच परत जावं, असं दोनदा मनात आलं. मग जाड लाल पेन विकत घेतलं, पोस्टर लावलं, उंचवट्यावर फुली मारली आणि खाली लिहिलं: 'ही डबी आहे. चूक माझी.'

पिकल्या केसांच्या एक बाई, उभा जन्म याच कामात गेलेल्या, बराच वेळ वाचत थांबल्या.

"कधी लक्षात आलं?"

"काल, बसमध्ये."

"कुठे छापून आलं होतं?"

"नाही."

"मग सुटलीस. माझी डबी छापून आली होती."

त्यानंतर मला जेवण गेलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं, प्रबंध वर्षभर लांबला. तिने एका डब्याचं झाकण उघडून पाहिलं. मग म्हणाली, "तेल तरी नीट तोललंय ना?" आता तिच्या दोन्ही डब्यांवर मी त्यांची वजनं लिहून ठेवली आहेत. झोतासाठी नवा अर्जही केलाय. चार दिवस मागितलेत, त्यातला पहिला पूर्ण रिकाम्या डबीचा.