आमचे प्रिमरोझ

आता हसून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, कारण पुढचं सांगताना माझाच चेहरा उतरतो.

रिटायर झालो आणि शाहपुऱ्यातल्या आमच्या अंगणात बागकामाचं वेड घेतलं. मेहुण्याने नैनितालहून प्रिमरोझचं बी पाठवलं. अगदी बारीक, आणि पेरण्याआधी काही दिवस थंडीत ठेवायचं. मी ते स्टीलच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. वर चिठ्ठी? छे! इंजिनियर माणसाला चिठ्ठी लागते होय?

दिवाळीच्या तोंडावर डबी काढून बी पेरलं. आठवड्याभरात रोपं हजर! प्रिमरोझला म्हणे तीन आठवडे लागतात. मी बायकोला सांगितलं, हाताला गुण असावा लागतो. उरलेली रोपं कॉलनीत आठ घरी वाटली, वर प्रत्येक घरी पाणी कसं घालायचं यावर भाषण. फेब्रुवारीत कॉलनीची फुलांची स्पर्धा होती. पहिलं बक्षीस आपलंच, हे मी परस्पर जाहीरही करून टाकलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शेजारचे चौहानजी कुंड्या बघायला आले. सरकारी नोकरीतली त्यांची तीस वर्षं नीमचला गेली, अफूची शेतं मोजण्यात. पांढरी फुलं डोलत होती, एकाच्या पाकळ्या गळून हिरवं बोंड धरलं होतं. चौहानजींनी त्यावर बोट फिरवलं आणि बसायला खुर्ची मागितली.

"जोशीजी, ये क्या लगाया है आपने?"

"प्रिमरोझ है. नैनीताल का."

"तीस साल मैंने यही गिना है. ये अफीम है."

बायको दारातून म्हणाली, "तरीच! फ्रिजमधल्या डबीतली खसखस अनारशांना लावली, ती काळी निघाली म्हणून मी दुकानदाराशी भांडले होते."

म्हणजे प्रिमरोझ आम्ही दिवाळीतच खाल्ले होते, आणि खसखस आठ घरी फुलली होती!

आमच्या कुंड्यांतली रोपं उपटली आणि घरोघर धावलो. रोपांना कीड लागलीय, असं सांगून एकेक उपटत सुटलो. सात घरं निभावली. आठव्या घरी देशपांडेकाकू कुंडी कवटाळून उभ्या. म्हणाल्या, "बक्षीस मला मिळेल म्हणून जळता होय?" शेवटी त्यांच्या कानात खरं सांगावं लागलं. कुंडी लगेच मिळाली, पण काकूंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

बक्षीस चौहानजींच्या झेंडूला गेलं. मलाही काहीतरी मिळालं म्हणा. आता कॉलनीच्या मीटिंगमध्ये कुणाला डुलकी लागली, की अध्यक्ष अगदी गंभीरपणे विचारतात, "जोशीजी के यहाँ से आ रहे हैं क्या?"